दोनशे डझन टोप्यांचं गाव

मालाला गाव असतं, हे नझीहा द्रीदीला नोकरी लागली त्या दिवशी कळलं, आणि त्यानंतर एकतीस वर्षं तिने दुसरा विषय म्हणून काढला नाही.

ट्यूनिसच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावर ती दाखल्यांची कचेरी. देशाबाहेर जाणाऱ्या मालाला तिथून एक कागद मिळतो, हा माल इथे जन्मला असं सांगणारा. तो कागद असला की पलीकडचे लोक जकात घेत नाहीत, निदान कमी घेतात, कारण आपल्या सरकारने त्यांच्याशी तसा करार केलेला असतो. आता आपलं सरकार करार कसे करतं म्हणाल, तर लग्नाच्या पंगतीत ज्याला नाही म्हणता येत नाही तसा माणूस जेवतो, तसे. युरोपने वाढलं, घेतलं. अरब भावांनी वाढलं, घेतलं. तुर्कांनी वाढलं, तेही घेतलं. आणि शेवटी सगळ्या आफ्रिकेने मिळून एक मोठं ताट पुढे केलं, तर तिथेही हात धुऊन तयार! सह्या करणारे सह्या करतात, फोटो काढतात, निघून जातात. कराराचं जाडजूड पुस्तक मात्र नझीहाच्या टेबलावर येऊन पडतं. त्या पुस्तकांचं आपसांत काडीचं जमत नाही. एकाच बिस्किटाला एक पुस्तक आपलं म्हणतं आणि दुसरं परकं, का तर साखर बाहेरून आली.

दुसऱ्या कुणाचं डोकं फिरलं असतं. नझीहाला मात्र त्यात भलतीच गंमत वाटायची. खजूर विकायला निघालेल्या माणसाला ती विचारायची, झाडावर नराचा तुरा कोणी बांधला? मधवाल्याला विचारायची, तुझ्या माश्या सरहद्द ओलांडून अल्जीरियात चरायला जातात का? लोक वैतागायचे. "बाई, शिक्का मारा, जहाज सुटेल!" म्हणायचे. पण उत्तर दिल्याशिवाय सुटका नव्हती. किनाऱ्याजवळ धरलेला मासा आपला, पण फार खोल समुद्रात धरला तर तो ज्या बोटीत पडला त्या बोटीच्या देशाचा, हे ती लग्नाकार्यातसुद्धा शेजारच्या बाईला ऐकवायची. तिचा नवरा तिजानी बस चालवायचा. तो म्हणायचा, "हिच्यापुढे अंडं ठेवू नका. ही आधी कोंबडीला बोलावून आणायला सांगेल."

असं सगळं मजेत चाललेलं असताना नियामेहून पत्र आलं.

नियामे म्हणजे नायजर देशाची राजधानी. तिथल्या जकात कचेरीने लिहिलं होतं, की तुमच्याकडून दोनशे डझन लाल शाशिया आल्या आहेत. नव्या आफ्रिकी करारावर आलेल्या या पहिल्या टोप्या. कागदावर गाव ट्युनिशिया. पण प्रत्येक टोपीच्या आत ठसा आहे तो घरनात्याचा. घरनाता हे शहर तर स्पेनमध्ये आहे. मग हा माल स्पेनचा की तुमचा? जागेवर जाऊन शहानिशा करा आणि अमुक तारखेच्या आत कळवा, नाहीतर पूर्ण जकात लागेल. खाली दाखल्यावरची सही जोडली होती. सही नझीहाची.

तिने हाश्मीला बोलावणं धाडलं. हाश्मी, ज्याला सगळे मानाने सी हाश्मी म्हणायचे, हा जुन्या बाजारातला शाशिया करणारा कारागीर, सत्तरीचा, नाकासमोर चालणारा. तो आला, पत्र ऐकलं आणि खुर्चीत ताठ बसला.

"म्हणजे? घरनाता नाही लिहायचं तर काय लिहायचं?"

"अहो सी हाश्मी, टोपी इथली ना?"

"इथलीच."

"मग ठसा तिथला का?"

"आमचं घर तिथलं!" हाश्मी म्हणाला. "माझ्या खापरपणज्याच्या खापरपणज्याला मुसलमान म्हणून तिथून हाकललं, तो ही कला डोक्यात घेऊन इथे उतरला. बाजारातल्या प्रत्येक जुन्या घराचा ठसा त्याच्या सुटलेल्या शहराचा आहे. ठसा बघून गिऱ्हाईक ओळखतं, माल कुणाच्या हातचा. चारशे वर्षं कुणी विचारलं नाही."

"आता विचारलंय."

"मग त्यांना सांगा, आम्हाला काढून चारशे वर्षं झाली म्हणून!"

नझीहाला हसू आवरेना. पण हाश्मीचा चेहरा उतरलेला होता. हळूच म्हणाला, "लेल्ला नझीहा, खरं सांगू? पूर्वी बाजारात शेकड्यांनी दुकानं होती, आता बोटावर मोजण्याइतकी. इथे शाशिया घालतं कोण? म्हातारे, आणि नाटकातले लोक. नियामेचा व्यापारी म्हणतो, जकात माफ झाली तर दरवर्षी घेईन, नाही तर यंत्रावरच्या स्वस्त टोप्या आहेतच. हे हुकलं तर मी कुलूप लावतो. माझ्याकडे चार माणसं आहेत, सगळी पन्नाशीच्या पुढची. त्यांना दारात कोण उभं करणार?"

"पुस्तक काय म्हणतं ते बघते," नझीहा म्हणाली. पुस्तक म्हणत होतं, लोकर कुठलीही चालेल, पण टोपीचं विणकाम आणि पुढचं सगळं काम करारातल्या देशात झालेलं हवं. सोपं होतं. जायचं, बघायचं, लिहायचं. एकतीस वर्षांत तिने शाशियांचे शेकड्यांनी दाखले काढले होते, पण शाशिया होताना एकदाही पाहिली नव्हती. तिला सहलीला निघाल्यासारखं वाटत होतं.

ती टोपीचा माग उलटा काढत गेली. आधी हाश्मीचं दुकान. तिथे चार म्हातारे मांडीवर टोपी घेऊन काटेरी बोंडाने ती घासत बसलेले, लव उभी राहावी म्हणून. बोंड म्हणजे खरोखरचं झाडाचं वाळलेलं बोंड! "लोखंडी ब्रश का नाही?" नझीहाने विचारलं. "लोखंडाला दया नसते, बाई," एकजण मान वर न करता म्हणाला. मग झग्वानला रंगाऱ्याकडे. मग एल-बत्तानला नदीकाठी, जिथे विणलेला कच्चा माल गरम पाण्यात साबण घालून तुडवतात. तिथे तिने पहिल्यांदा कब्बूस बघितला. टोपी विणून होते तेव्हा ती अशी असते, पांढरी, ढगळ, दोन डोकी मावतील एवढी मोठी. तुडवून तुडवून आटते आणि डोक्यापुरती घट्ट होते. नझीहाने एक कब्बूस डोक्यावर घालून पाहिला, तो सरळ खांद्यावर उतरला. तुडवणारे पोट धरून हसले.

एल-बत्तानच्या वहीत लिहिलं होतं: हाश्मीचे दोन हजार चारशे कब्बूस, आणले अरियानाच्या मन्नूबियाने, चार महिन्यांत.

अरियानाच्या बायका पाच सुयांवर कब्बूस विणतात, आज्यापणज्यांपासून. विणकाम घरात, आणि सगळ्यांचा माल गोळा करून पोचवायचं काम एकीचं. ती एक म्हणजे मन्नूबिया मावशी. नझीहा तिच्याकडे गेली तेव्हा मावशीने पुदिन्याचा चहा केला, वरून चिलगोजे टाकले, आणि आपल्या विणकरणींना बोलावलं. सहाजणी आल्या. सहाही साठीच्या पुढच्या, एकीच्या डोळ्यात मोतीबिंदू.

"एक कब्बूस विणायला किती वेळ लागतो?" नझीहाने विचारलं.

"दिवस जातो," मोतीबिंदूवाली म्हणाली. "स्वयंपाक करायचा नसेल तर दिवसात दीड होतो."

नझीहाने चहाचा घोट घेतला आणि मनात गुणाकार केला. सहा बायका, चार महिने, शुक्रवार सोडून. सातशेही होत नव्हते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून आले दोन हजार चारशे?

उरलेले कब्बूस बाहेरून आले असतील, यंत्रावर विणलेले, कुठल्यातरी कंटेनरमधून उतरलेले, तर दाखला खोटा. तिची सही खोटी. आणि हाश्मीचं दुकान बंद.

सहाजणी गेल्यावर तिने विचारलं, "मावशी, बाकीचे कुणी विणले?"

"विणले. तू चहा घे."

"कुठे विणले?"

"अगं, हाताने विणलेत. तुला टाका कळत नाही का? यंत्राचा टाका मेलेला असतो."

"टाका मला कळत नाही. मला गाव कळतं. कुठे विणले?"

मन्नूबिया मावशी ताकास तूर लागू देईना. नुसतं घे म्हणे, खा म्हणे. शेवटी नझीहा म्हणाली, "मावशी, मी बघितल्याशिवाय लिहू शकत नाही. आणि मी लिहिलं नाही तर माल परत येईल. हाश्मीचा धंदा बसेल. त्याच्याबरोबर तुझाही."

मावशीने सफसारी, बाहेर जाताना पांघरायची पांढरी चादर, डोक्यावरून घेतली. "चल. पण जास्त बोलू नकोस."

दोन गल्ल्या पलीकडे एका गॅरेजवर खोली होती. जिना बाहेरून. मावशीने दारावर तीन थापा मारल्या आणि स्वतःचं नाव सांगितलं, तेव्हा कडी निघाली. आत भिंतीला पाठ लावून अकराजणी बसल्या होत्या, सगळ्या काळ्या, तरुण, आणि अकराजणींच्या मांडीवर पांढरे कब्बूस. पाच सुया अशा चालत होत्या की नझीहाला बोटं वेगळी दिसेनात. कुणी नायजरची, कुणी कॅमेरूनची, कुणी आयव्हरी कोस्टची. इथवर आल्या, पुढे समुद्र ओलांडायचा होता, पैसे संपले, राहिल्या. कागद एकीकडेही नव्हता. कागदावाचून घरकाम मिळायचं बंद झालं तेव्हा मावशीने त्यांच्या हातात सुया दिल्या.

नझीहाच्या छातीवरचा दगडच उतरला. हाताने विणलेलं! इथेच, अरियानात! पुस्तकात बसणारं, अगदी अक्षर न् अक्षर! आणि त्या आनंदात तिने जन्मभर जे केलं तेच केलं. पिशवीतून वही काढली आणि विचारायला सुरुवात केली.

"तुझं नाव काय ग?"

"हदीझा."

"गाव?"

"झिंदेर."

"किती वर्षं झाली इथे? कशी आलीस? वाळवंटातून? किती दिवस? इथे येण्याआधी विणकाम येत होतं?"

हदीझाने उत्तरं दिली, तुटक, आमच्या बोलीत पण तिच्या हेलात. बाकीच्या एकेक करून गप्प झाल्या. सुया थांबल्या नाहीत, बोलणं थांबलं. नझीहाने नऊ नावं लिहून घेतली. उरलेल्या दोघींनी मान हलवली आणि नावं सांगितली नाहीत.

"या टोप्या कुठे जातात माहीत आहे का?" नझीहाने हदीझाला विचारलं. ती फार खुशीत होती. "नियामेला!"

हदीझाचे हात एकदम थांबले. "आमच्या नियामेला?"

"हो!"

"माझा मामा ईदला लाल टोपी घालतो," ती म्हणाली. "म्हणायचा, फार लांबून येते, तिकडच्या गोऱ्या बायका विणतात." मग तिने शेजारणीला तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या. नझीहालाही हसू आलं. तिने तेही वहीत लिहिलं.

निघताना हदीझाने विचारलं, "बाई, ही वही कुठे जाणार?"

"कुठे नाही ग, कचेरीत," नझीहा म्हणाली आणि जिना उतरली.

कचेरीत तिचे साहेब सी मुराद. माणूस वाईट नव्हता, पण वरून फोन आला की उभा राहून बोलायचा. त्याने मसुदा वाचला. "विणकरणींची यादी कुठे आहे? नावं, पत्ते, ओळखपत्राचे नंबर. तिकडच्यांना खात्री पटली पाहिजे."

तेव्हा कुठे नझीहाच्या डोक्यात उजेड पडला. आपण वहीत काय लिहून आणलंय! ही यादी फायलीला लागणार, फाईल तीन टेबलांवरून जाणार, आणि एखाद्या टेबलावरून पोलिसांकडेही.

"यादी नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे? तू, नझीहा द्रीदी, तू नावं विचारली नाहीस? कोंबडीचं नाव विचारणारी तू!"

"विचारली नाहीत."

एकतीस वर्षांत कचेरीत ती पहिल्यांदा खोटं बोलली.

"मग हे जात नाही," सी मुराद म्हणाला.

नझीहाने आफ्रिकी कराराचं पुस्तक उचललं आणि त्याच्या टेबलावर धपकन ठेवलं. "दाखवा. कुठे लिहिलंय की कुणी विणलं ते सांगा? कुठे विणलं, एवढंच विचारलंय. मी डोळ्यांनी पाहिलं, अरियानात, हाताने, पाच सुयांवर. मी सही करते. सह्या करणाऱ्यांनी माणसाचा रकाना ठेवला नाही, सी मुराद. लोकरीचा आहे, रंगाचा आहे, साबणाचासुद्धा आहे. माणसाचा नाही. तुम्ही तुमच्या पदरचा घालू नका."

सी मुरादने पुस्तक चाळलं. मागून पुढे, पुढून मागे. चष्मा काढला, पुसला, परत चाळलं. रकाना नव्हता. "तुझ्या जबाबदारीवर," तो म्हणाला आणि शिक्का तिच्याकडे सरकवला. ठशाबद्दल तिने एक वेगळा परिच्छेद लिहिला: घरनाता हे घराण्याचं नाव समजावं, ते लोक तिथून निघून चारशे वर्षं झाली आहेत. घरी गेल्यावर तिने वहीतलं ते पान फाडलं, चुलीच्या आचेवर धरलं आणि राख नळाखाली धुतली. तिजानी बघत होता. पहिल्यांदाच त्याने चेष्टा केली नाही.

तीन आठवड्यांनी सी हाश्मी जिना चढून आला तो धापा टाकतच. हातात मक्रूदचा डबा, तुपाळ, खजूर भरलेली मक्रूद. "सुटल्या! सगळ्या सुटल्या, एक दमडीही जकात नाही! आणि ऐका, पुढच्या ईदसाठी तीनशे डझन मागितल्यात! लेल्ला नझीहा, तुमचे हात सलामत राहोत!" त्याने तिचा हातच धरला, मग लाजून सोडला. सगळी कचेरी जमली. सी मुरादनेही दोन मक्रूद खाल्ली आणि म्हणाला, मी आधीपासूनच म्हणत होतो.

नझीहाने अर्धा डबा बाजूला काढला, कागदात बांधला आणि दुपारी सुटी टाकून अरियानाला गेली. बसमध्ये ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. हदीझाला सांगायचं, तुझी टोपी पोचली. तुझ्या मामाच्या मुलखात, एक पैसा न भरता. तिला वाटत होतं कधी एकदा पोचते.

जिन्यावर कुणी नव्हतं. दार उघडंच होतं. आत मन्नूबिया मावशी एकटी जमिनीवर बसून, खोली सोडायची म्हणून, सुया गोळा करत होती. अर्धवट विणलेले कब्बूस कोपऱ्यात घडी करून ठेवलेले, नीट, एकावर एक.

"मावशी, कुठे गेल्या सगळ्या?"

"गेल्या."

"पोलिस आले?"

"नाही ग. कुणी आलं नाही." मावशी सुया मोजत राहिली. "तू येऊन गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. अकराही."

"माझ्यामुळे? पण मी... मावशी, मी ते पान जाळलं! मी साहेबांना खोटं सांगितलं! एकही नाव दिलं नाही!"

"असेल. त्यांना काय माहीत? त्यांनी एवढंच पाहिलं की एक सरकारी बाई आली आणि नावं लिहून गेली." मावशीने वर पाहिलं. रागावलेली नव्हती, म्हणून जास्त लागलं. "मी सांगितलं होतं ना ग, जास्त बोलू नकोस."

नझीहा भिंतीला टेकून खाली बसली. तिला रडू फुटलं. हुंदके येत होते आणि मांडीवर मक्रूदचं पुडकं तसंच होतं, कागदातून तूप झिरपलेलं. मावशीने तिला रडू दिलं.

"सांग ना मावशी, गेल्या कुठे? समुद्राकडे? सफाक्सला? मी जाते, समजावते त्यांना. हदीझा तरी काही बोलली असेल. तिचं गाव झिंदेर, ती परत..."

"मी दोन वर्षांत त्यांना गाव विचारलं नव्हतं," मन्नूबिया म्हणाली. "म्हणून राहिल्या होत्या."

तिने सुया रुमालात गुंडाळल्या, गाठ मारली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. सहाजणींना जाऊन सांगायचं होतं, की हाश्मीचा निरोप आलाय, तीनशे डझन हवेत, आणि होणार नाहीत.